मॉड्यूल सापडत नाही!

आपल्या ॲप्लिकेशनमध्ये पायथन, ल्युआ किंवा जावास्क्रिप्टचं इंजिन बसवणाऱ्या वाचकांचे इम्पोर्टबद्दलचे सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. फंक्शनांची आणि सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. कोडमध्ये ती मूळ स्पेलिंगनेच लिहायची. नावात अंडरस्कोर किंवा टिंब दिसलं तर तो नावाचाच भाग समजावा.

प्रश्न : सी++ ॲप्लिकेशनमध्ये पायथन ३.१२ एम्बेड केलंय. बिल्ड करतो त्या मशीनवर सगळं सुरळीत चालतं. कोऱ्या मशीनवर नेलं की पाय_इनिशियलाइझमध्येच ‘नो मॉड्यूल नेम्ड एन्कोडिंग्ज’ अशी एरर येऊन प्रोसेस बंद पडते. आम्ही एन्कोडिंग्ज नावाचं काही इम्पोर्टच करत नाही. मग हे आलं कुठून?

उत्तर : तुम्ही करत नाही, इंटरप्रिटर करतो. सुरू होताना फाइलसिस्टिमच्या एन्कोडिंगसाठी त्याला कोडेक, म्हणजे अक्षरं आणि बाइट यांची अदलाबदल करणारा कोड, लागतो, आणि कोडेकांचं हे पॅकेज स्टँडर्ड लायब्ररीत साध्या पायथन फाइलींच्या रूपात ठेवलेलं असतं. डिस्कवरून उचलायच्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींपैकी ही एक. ती मिळाली नाही, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी कुठे आहे हेच इंटरप्रिटरला कळलेलं नाही. एन्कोडिंग्जचं फोल्डर शोधून एक्झिक्युटेबलशेजारी कॉपी करण्यात वेळ घालवू नका; ते मिळालं की पुढचं मॉड्यूल अडेल.

बिल्डच्या मशीनवर का चालतं, हे आधी समजून घ्या. जागा सांगितली नाही तर पायथन अंदाज बांधतो. लिनक्सवर तो स्वतःचं नाव ‘पायथन३’ धरून पाथ व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत ते शोधतो. तिथून एकेक पायरी वर चढत लिब फोल्डरमध्ये ओएस.पीवाय ही खुणेची फाइल दिसते का ते बघतो. तीही नाही मिळाली, तर कंपाइल करताना आत कोरलेला प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉलेशनचं मूळ फोल्डर, धरून चालतो. बिल्डच्या मशीनवर पायथन इन्स्टॉल असतंच, त्यामुळे अंदाज बरोबर निघतो. थोडक्यात, तुमचं ॲप्लिकेशन इतके दिवस त्या मशीनच्या लायब्ररीवर चालत होतं, तुम्ही सोबत दिलेल्या लायब्ररीवर नव्हे.

यावर उपाय एकच आहे: इंटरप्रिटरला अंदाज बांधूच देऊ नका. पायथन ३.८ पासून त्यासाठी पायकॉन्फिग हे स्ट्रक्चर आहे. पाय_सेटपाथ, पाय_सेटपायथनहोम ही जुनी फंक्शनं ३.११ मध्ये डेप्रिकेट (वापरू नयेत अशी जाहीर) झाली, तेव्हा नव्या कोडमध्ये ती नकोत. क्रम असा ठेवा.

आधी पायकॉन्फिग_इनिटआयसोलेटेडकॉन्फिग बोलवा. याच्या नावाशी जुळणारं पायकॉन्फिग_इनिटपायथनकॉन्फिग घेऊ नका. ते कमांडलाइनच्या पायथनसारखं वागतं, म्हणजे पायथनपाथ, पायथनहोम ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स वाचतं, आणि वापरणाऱ्याच्या मशीनवर त्यात काय भरलेलं असेल यावर तुमचा काहीच ताबा नसतो. आयसोलेटेडमध्ये ती वाचली जात नाहीत, आणि वापरणाऱ्याचं खासगी साइट-पॅकेजेस फोल्डरही पाथमध्ये येत नाही. मात्र साइट_इम्पोर्ट, म्हणजे साइट मॉड्यूल आपोआप इम्पोर्ट करण्याची सेटिंग, तरीही १ राहतं. ते आपल्या हाताने ० करा.

मग पायवाइडस्ट्रिंगलिस्ट_अपेंड वापरून मॉड्यूल_सर्च_पाथ्सच्या यादीत तीन जागा भरा: स्टँडर्ड लायब्ररीचं फोल्डर किंवा तिची झिप, कंपाइल केलेल्या मॉड्यूलांचं फोल्डर, जे लिनक्स आणि मॅकवर लिब-डायनलोड आणि विंडोजवर डीएलएलएस या नावाने येतं, आणि तिसरं तुमच्या स्क्रिप्टांचं. तिन्ही पूर्ण पाथ हवेत, आणि ते एक्झिक्युटेबल जिथे आहे तिथून काढलेले हवेत. चालू फोल्डरवरून काढले तर शॉर्टकटवरून उघडल्यावर ॲप्लिकेशन मोडेल. विंडोजवर गेटमॉड्यूलफाइलनेम-डब्ल्यू, लिनक्सवर प्रॉक फोल्डरातली सेल्फ/ईएक्सई ही लिंक, मॅकवर _एनएसगेटएक्झिक्युटेबलपाथ यांतून ही जागा मिळते. विंडोजवर शेवटी ‘ए’ असलेलं फंक्शन घेऊ नका. फोल्डरचं नाव देवनागरीत असलं की त्याची अक्षरं प्रश्नचिन्हं होऊन बसतात.

आणि आता ती एक ओळ, जी हमखास विसरली जाते: मॉड्यूल_सर्च_पाथ्स_सेट = १. ही नसेल तर तुम्ही कष्टाने भरलेली यादी इंटरप्रिटर बाजूला सारतो आणि पुन्हा अंदाज बांधायला लागतो. एरर येत नाही, इशारा येत नाही. पाथ दिलाय तरी जुनीच एरर येते अशी तक्रार असेल, तर पहिली नजर या ओळीवर टाका.

शेवटी पाय_इनिशियलाइझफ्रॉमकॉन्फिग बोलवा, परत आलेलं स्टेटस पायस्टेटस_एक्सेप्शनने तपासा आणि पायकॉन्फिग_क्लिअर करा. बऱ्याच उदाहरणांत चूक सापडली की पाय_एक्झिटस्टेटसएक्सेप्शन बोलावलेलं दिसतं. त्याने अख्खी प्रोसेस संपते. खिडक्या असलेल्या ॲप्लिकेशनमध्ये ते परवडत नाही. स्टेटसमधला एर_एमएसजीचा मजकूर लॉगमध्ये लिहा आणि स्क्रिप्टिंग बंद ठेवून बाकीचं ॲप्लिकेशन चालू द्या.

हे झाल्यावर एक ओळीची स्क्रिप्ट चालवून सिस.पाथ, म्हणजे मॉड्यूल शोधायच्या जागांची यादी, छापून बघा. तीन जागा दिल्यात तर तीनच दिसायला हव्यात. चौथी दिसली तर ती कुठून आली हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर बिल्डच्या मशीनवरच इन्स्टॉल असलेल्या पायथनच्या फोल्डरचं नाव थोडा वेळ बदलून ॲप्लिकेशन चालवा. या चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि ती कोऱ्या मशीनच्या बरीच जवळ जाते. लिनक्सवर सिस्टिमचं पायथन मात्र असं हलवू नका, अर्धी सिस्टिम त्यावर चालते. तिथे रिकाम्या कंटेनरमध्ये चाचणी घ्या.

याच प्रश्नाला जोडून आणखी चार गोष्टी, कारण पुढची पत्रं त्यांचीच असतात.

स्टँडर्ड लायब्ररी झिपमध्ये द्यायची असेल तर .पीवायसी (आधीच कंपाइल केलेल्या) फाइली मॉड्यूलच्या शेजारीच ठेवा. झिपमधून वाचताना पायथन पायकॅश फोल्डरात डोकावत नाही, आणि झिपमध्ये परत लिहूही शकत नाही. त्यामुळे .पीवायसी नसेल तर प्रत्येक वेळी सुरू होताना सगळं नव्याने कंपाइल होतं आणि ॲप्लिकेशन उघडायला उशीर लागतो. कंपाइलऑलला ‘-बी’ हा पर्याय दिला की फाइली हव्या त्या जागी पडतात.

.एसओ आणि .पीवायडी फाइली, म्हणजे सीमध्ये लिहून कंपाइल केलेली मॉड्यूलं, झिपमधून इम्पोर्ट होतच नाहीत. त्या बाहेरच ठेवा.

लायब्ररीच्या फाइली आणि डीएलएल एकाच आवृत्तीचे हवेत. इन्स्टॉलरमध्ये ३.११ चं फोल्डर आणि ३.१२ चं डीएलएल गेलं, तर कधी ‘बॅड मॅजिक नंबर’, कधी ‘एसआरई मॉड्यूल मिसमॅच’ अशा चक्रावून टाकणाऱ्या एरर येतात. दोन्ही एररचं मूळ आवृत्त्यांच्या या भेसळीत असतं.

चौथी विंडोजच्या एम्बेडेबल पॅकेजबद्दल. त्यात पायथन३१२._पीटीएच नावाची छोटी टेक्स्ट फाइल असते. ती असेपर्यंत पाथमध्ये फक्त तिच्या ओळी येतात. एन्व्हायर्नमेंट आणि रजिस्ट्री दोन्हींकडे दुर्लक्ष होतं. पायथनपाथ सेट करूनही काही फरक पडत नाही तो यामुळे. नवं फोल्डर हवं असेल तर त्या फाइलीतच ओळ वाढवा. ‘इम्पोर्ट साइट’ ही ओळ तिथे मुद्दाम कॉमेंट करून ठेवलेली असते. ती उघडल्याशिवाय साइट-पॅकेजेस पाथमध्ये येत नाही आणि .पीटीएच फाइली वाचल्या जात नाहीत.

प्रश्न : ॲप्लिकेशनची स्वतःची सी फंक्शनं स्क्रिप्टला मॉड्यूल म्हणून द्यायची आहेत, पण वेगळी .पीवायडी फाइल नकोय. जमेल का?

उत्तर : जमेल, आणि होस्टच्या, म्हणजे तुमच्या ॲप्लिकेशनच्या, फंक्शनांसाठी हीच पद्धत योग्य. पायइम्पोर्ट_अपेंडइनिटटॅब या फंक्शनला मॉड्यूलचं नाव आणि त्याचं पायइनिट फंक्शन द्या. हे इंटरप्रिटर सुरू करण्याआधी करायचं. नंतर केलं तर नव्या आवृत्त्या फेटल एरर देऊन थांबतात. नावाची स्ट्रिंग कॉपी होत नाही, फक्त पॉइंटर साठवला जातो. फंक्शनमधल्या तात्पुरत्या स्ट्रिंगचा पत्ता दिलात तर काही वेळाने इम्पोर्ट कधी चालेल, कधी नाही. कोटातलं लिटरल किंवा स्टॅटिक व्हेरिएबल द्या.

नाव अंडरस्कोरने सुरू होणारं ठेवा आणि त्यावर त्याच नावाचं, अंडरस्कोर नसलेलं छोटं पायथन मॉड्यूल बसवा. स्क्रिप्ट लिहिणारे त्या वरच्या मॉड्यूललाच हात लावतील. उद्या सीची बाजू बदललीत तरी त्यांच्या स्क्रिप्टा मोडणार नाहीत.

प्रश्न : साधी मॉड्यूलं इम्पोर्ट होतात, पण सीमध्ये लिहिलेलं कुठलंही मॉड्यूल घेतलं की लिनक्सवर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ येतं. पाथ तर बरोबर आहे.

उत्तर : पाथ बरोबर आहे म्हणूनच गाडी इथवर आली. फाइल सापडली, उघडली, आणि तिला पायथनची फंक्शनं मिळाली नाहीत. ३.८ पासून युनिक्सवरची .एसओ मॉड्यूलं लिबपायथनशी लिंक केलेली नसतात. ती फंक्शनं प्रोसेसमध्ये आधीच सगळ्यांना दिसतील अशी हजर आहेत, असं ती गृहीत धरतात. ती दिसत नाहीत याची कारणं सहसा दोन.

लिबपायथन तुम्ही एक्झिक्युटेबलमध्ये स्टॅटिक लिंक केलं असेल तर लिंकरला ‘-आरडायनॅमिक’ द्यायला हवं. नाहीतर एक्झिक्युटेबलमधली सिम्बॉल्स बाहेर दिसतच नाहीत. दुसरं कारण जरा लपलेलं असतं: तुमचा कोड स्वतःच एखाद्या मोठ्या ॲप्लिकेशनचा प्लगइन असतो, आणि ते ॲप्लिकेशन तुम्हाला आरटीएलडी_लोकलने उघडतं. मग तुमच्याबरोबर आलेलं लिबपायथनही खासगीच राहतं. इंटरप्रिटर सुरू करण्याआधी लिबपायथन डीएलओपनने आरटीएलडी_ग्लोबल देऊन पुन्हा उघडा. तीच फाइल, त्याच नावाने.

लिंकच होत नसेल तर लिंकरचे पर्याय ‘पायथन३-कॉन्फिग --एम्बेड --एलडीफ्लॅग्ज’ यातून घ्या. ३.८ पासून ‘--एम्बेड’ न लिहिता विचारलं तर उत्तरात लिबपायथन येत नाही.

विंडोजवर याच्यासारखा दिसणारा, पण वेगळा त्रास आहे. डीबग बिल्डमध्ये पायथनची हेडर फाइल आपोआप _डी असलेली लायब्ररी मागते, आणि तो इंटरप्रिटर फक्त _डी.पीवायडी अशा नावांची मॉड्यूलं शोधतो. नेहमीची पॅकेजेस तशी मिळत नाहीत, म्हणून ‘नो मॉड्यूल नेम्ड’ येतं. आपला कोड डीबग माहितीसह, पण रिलीझच्या पायथनशी लिंक करून चालवणं हा त्यातल्या त्यात कमी कटकटीचा मार्ग.

प्रश्न : वापरणारे आपल्या स्क्रिप्टा एका फोल्डरमध्ये टाकतात. कुणीतरी रँडम.पीवाय नावाची फाइल टाकली आणि भलतीच मॉड्यूलं मोडली. शिवाय स्क्रिप्ट बदलून सेव्ह केली तरी कधीकधी जुनीच चालते.

उत्तर : पहिला दोष क्रमाचा. स्क्रिप्टांचं फोल्डर सिस.पाथच्या सुरुवातीला घातलं असणार. इम्पोर्टला जे आधी सापडेल ते तो घेतो, मग टेम्पफाइलसारखं स्टँडर्ड मॉड्यूलही वापरणाऱ्याचंच रँडम उचलतं. फोल्डर यादीच्या शेवटी ठेवा. मग रँडम नाव दिलेली स्क्रिप्ट इम्पोर्ट होणार नाही, पण तिच्यामुळे बाकीचं मोडणारही नाही.

आम्ही याच्या पुढे जाऊ: मुख्य स्क्रिप्टा पाथवरून शोधूच नका. इम्पोर्टलिब.युटिलमधलं स्पेक_फ्रॉम_फाइल_लोकेशन घ्या आणि त्याला फाइलचा पूर्ण पाथ व तुम्ही ठरवलेलं नाव द्या, समजा ‘यूजरस्क्रिप्ट_१७’. मग मॉड्यूल_फ्रॉम_स्पेक, नंतर सिस.मॉड्यूल्समध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलांच्या यादीत) नोंद, आणि सर्वांत शेवटी एक्झेक_मॉड्यूल. नोंद आधी आणि चालवणं नंतर हा क्रम पाळायलाच हवा. नाहीतर स्वतःचं नाव सिस.मॉड्यूल्समध्ये शोधणारा कोड अडखळतो. चालवताना एक्सेप्शन आलं तर नोंद काढून टाका, म्हणजे अर्धवट मॉड्यूल मागे उरणार नाही.

जुनीच स्क्रिप्ट चालते कारण तीन वेगळ्या जागी साठवण होते, म्हणून एकच उपाय करून भागत नाही. सिस.मॉड्यूल्समध्ये मॉड्यूल असेपर्यंत दुसरा इम्पोर्ट फाइल उघडतही नाही, त्याला इम्पोर्टलिब.रीलोड हवं. आणि रीलोड केलं तरी ज्यांनी ‘फ्रॉम अमुक इम्पोर्ट तमुक’ असं लिहिलंय त्यांच्या हातात जुनंच फंक्शन राहतं. दुसरी जागा फोल्डरच्या यादीची. ती फोल्डरच्या बदलाच्या वेळेवरून ताजी होते, त्यामुळे प्रोग्रामने नुकतीच लिहिलेली फाइल कधी दिसत नाही; तेव्हा इम्पोर्टलिब.इनव्हॅलिडेट_कॅशेस बोलवा.

तिसरी जागा .पीवायसी फाइलीची, आणि ‘कधीकधी’ हा शब्द बहुधा तिच्यामुळे येतो. .पीवायसी जुनी आहे का हे पायथन सोर्स फाइलच्या बदलाच्या वेळेवरून आणि आकारावरून ठरवतो, आणि ती वेळ पूर्ण सेकंदांत साठवलेली असते. ॲप्लिकेशनमधल्याच एडिटरमध्ये कुणी १० चे २० केले आणि त्याच सेकंदात सेव्ह करून चालवलं, तर सेकंद तोच, आकारही तोच, आणि पायथन निवांत जुनी .पीवायसी चालवतो. स्क्रिप्टांसाठी सिस.डोन्ट_राइट_बाइटकोड चालू ठेवा आणि पडलेली पायकॅश फोल्डरं एकदा पुसा.

प्रश्न : ल्युआ ५.४ मध्ये रिक्वायर (ल्युआचं इम्पोर्ट) फक्त आमच्या पॅक केलेल्या फाइलीतूनच मॉड्यूलं उचलेल असं करायचंय. पॅकेज.पाथ बदलला, तरी एका मशीनवर बाहेरचं मॉड्यूल आलं.

उत्तर : पॅकेज.पाथ बदलणं पुरत नाही, कारण रिक्वायर चार ठिकाणी विचारतो. आधी पॅकेज.प्रीलोड, मग पॅकेज.पाथवरच्या ल्युआ फाइली, मग पॅकेज.सीपाथवरच्या सी लायब्ररी, आणि शेवटी ‘अ.ब.क’ अशा नावासाठी ‘अ’ या एकाच लायब्ररीत सगळं आहे का ते. तुम्ही एक दार लावलंत, सीपाथची दोन उघडीच राहिली. त्यात ल्युआ_पाथ आणि ल्युआ_सीपाथ ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स भर घालतात, आणि मूळच्या पाथमध्ये चालू फोल्डरही असतं.

म्हणून असं करा. लायब्ररी उघडण्याआधी ल्युआच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या नव्हे) ल्युआ_नोएन्व्ह हे फील्ड ट्रू करा. पॅकेज लायब्ररी एन्व्हायर्नमेंट वाचण्याआधी हेच तपासते. नंतर केलं तर उपयोग नाही. मग पॅकेज.सर्चर्स या टेबलात पहिला प्रीलोडचा सर्चर (मॉड्यूल शोधणारं फंक्शन) ठेवा, दुसऱ्या जागी तुमचा बसवा आणि तिसरा-चौथा काढून टाका. पाथ आणि सीपाथ रिकाम्या स्ट्रिंग करा. निल करू नका, कारण त्यांना हात लावणारा कोणताही मूळ सर्चर ‘स्ट्रिंग हवी’ म्हणून एरर देतो. पॅकेज.लोडलिब मात्र निल करा. ते राहिलं तर पाथ न बघता कुठलीही सी लायब्ररी उघडता येते, आणि बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

तुमच्या सर्चरला मॉड्यूलचं नाव मिळतं. सापडलं तर लोडर फंक्शन आणि सोबत एक मूल्य परत करा. पॅकमधला पाथ दिलात तर उत्तम, ५.४ मध्ये रिक्वायर ते दुसरं मूल्य म्हणून पुढे देतो. सापडलं नाही तर निल देऊन मोकळे होऊ नका. ‘पॅकमध्ये अमुक नावाची फाइल नाही’ अशी स्ट्रिंग द्या. रिक्वायरच्या एररमध्ये या सगळ्या स्ट्रिंग एकाखाली एक येतात, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला आपलं नाव कुठे चुकलं ते तिथेच दिसतं. ५.३ मध्ये या स्ट्रिंगच्या सुरुवातीला नवी ओळ आणि टॅब तुम्हालाच घालावे लागतात, ५.४ ते स्वतः घालतं.

नावात अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि टिंब यांखेरीज काही आलं तर सरळ नाकारा. टिंबांची जागा फोल्डरचं चिन्ह घेतं, पण नावात आलेली तिरकी रेघ कुणी बदलत नाही. कोड लोड करताना मोड ‘टी’ द्या, म्हणजे फक्त मजकूर स्वीकारला जाईल. हाताने बिघडवलेला बाइटकोड इंटरप्रिटर पाडू शकतो. ५.१ आणि ल्युआजिटमध्ये टेबलाचं नाव सर्चर्स नसून लोडर्स आहे.

प्रश्न : क्विकजेएस हे जावास्क्रिप्ट इंजिन वापरतो. मॉड्यूल दोनदा चालतं आणि त्यातला काउंटर एका फाइलला १ दिसतो, दुसरीला ०.

उत्तर : मॉड्यूल एकच आहे की दोन, हे इंजिन नावावरून ठरवतं. जेएस_सेटमॉड्यूललोडरफंकला तुम्ही जे नॉर्मलाइझ फंक्शन देता त्यातून निघालेली स्ट्रिंग हीच त्या मॉड्यूलची ओळख. ते दिलं नाही तर इंजिन टिंबाने सुरू होणारी नावं सोडवतं आणि बाकीची जशीच्या तशी ठेवतं. म्हणून एकीने ‘./काउंटर.जेएस’ आणि दुसरीने ‘लिब/काउंटर.जेएस’ लिहिलं, तर फाइल एक असूनही मॉड्यूलं दोन होऊ शकतात. विंडोज आणि मॅकवर नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकानेही हेच होतं, कारण तिथे डिस्क दोन्ही नावांना तीच फाइल देते.

नॉर्मलाइझमध्ये प्रत्येक नाव पॅकच्या मुळापासूनच्या एकाच पूर्ण रूपात आणा, आणि अक्षरांचा आकार डिस्कवरच्या नावाशी जुळत नसेल तर एरर द्या. परत करायची स्ट्रिंग जेएस_मॅलॉकने घेतलेली हवी, कारण ती इंजिनच मोकळी करतं. लोडरमध्ये सोर्सच्या बफरला शेवटी शून्य बाइट लावायला विसरू नका. लांबी वेगळी दिली तरी पार्सर ती बाइट बघतो, आणि ती नसेल तर फाइलच्या शेवटी कधीतरीच उगवणारी सिंटॅक्स एरर येते.